मनोऱ्यावरची यारी

जर्मनीतल्या कोलोन शहराची जुनी चित्रे पाहिली, तर बहुतेक चित्रांत एक गोष्ट हमखास सापडते. ऱ्हाइन नदीच्या काठी कॅथेड्रलचा अर्ध्यावर राहिलेला दक्षिण मनोरा आणि त्याच्या माथ्यावर दगड वर चढवायची एक अवजड लाकडी यारी. कॅथेड्रलचे काम १२४८ साली सुरू झाले आणि १५६०च्या सुमारास पैसा आटला, उत्साह मावळला तसे थांबले. यारी मात्र होती तिथेच राहिली, ती १८६८मध्ये उतरवली गेली. म्हणजे तीनशे वर्षे एकही दगड न उचलता ती शहराच्या डोक्यावर उभी होती आणि गावाची ओळखच होऊन बसली होती. पाश्चात्त्य संस्कृती कोणत्या शक्तींनी घडवली हे तिच्या वास्तूंकडे पाहून वाचता येते, असे आपण नेहमी ऐकतो. हे वाचन करायला निघालेल्याने आधी या यारीपाशी थांबले पाहिजे, असे मला वाटते.

रूढ मांडणी सगळ्यांच्या परिचयाची आहे. ग्रीक देऊळ म्हणजे नगरराज्य, रोमन घुमट म्हणजे साम्राज्य, गॉथिक कॅथेड्रल म्हणजे श्रद्धा, फ्लॉरेन्सचा घुमट म्हणजे स्वतःच्या बुद्धीवर विसंबणारा माणूस, व्हर्साय म्हणजे निरंकुश राजसत्ता, लोखंड आणि काच म्हणजे यंत्रयुग, गगनचुंबी इमारत म्हणजे भांडवल. हेगेलने सौंदर्यशास्त्रावरच्या व्याख्यानांत कलांकडे चैतन्याच्या प्रवासातले टप्पे म्हणून पाहिले आणि त्यानंतर प्रत्येक युगाला एक आत्मा आणि प्रत्येक आत्म्याला एक इमारत नेमून देण्याची पद्धत पडली. तिच्यात तथ्य नाही असे नाही. पण ती इमारतीकडे पूर्ण झाल्यावर पाहते आणि तेही दर्शनी बाजूने. माझे म्हणणे असे की शक्तींची खरी नोंद इमारतीच्या आकारात फार थोडी असते. ती असते बांधकामाच्या जमाखर्चात, मध्येच पडलेल्या खंडात, एका हातातून दुसऱ्या हातात गेलेल्या कामात. ज्याला आपण युगाचे प्रतीक म्हणतो, ते बहुधा एकमेकींशी झुंजणाऱ्या शक्तींपैकी जी शेवटी उरली तिने नंतर चिकटवलेले नाव असते.

कोलोनचेच पाहू. बायबलमधल्या तीन ज्ञानी राजांचे मानले जाणारे अवशेष ११६४मध्ये मिलानहून इथे आणले गेले, यात्रेकरूंची रीघ लागली आणि जुनी वास्तू अपुरी पडू लागली. आर्चबिशप कोनराडने नव्या कॅथेड्रलचा पाया घातला, नमुना घेतला फ्रान्समधल्या आमियँचा. पण आर्चबिशप हा नुसता धर्मगुरू नव्हता, तो शहराचा धनीही होता आणि शहरातल्या व्यापाऱ्यांना हा धनी नको होता. १२८८च्या वोरिंगेनच्या लढाईत आर्चबिशपचा पराभव झाला, शहराने त्याचे जोखड झुगारले आणि त्याला आपले ठाणे बाहेर हलवावे लागले. ज्याचे पीठ म्हणून हे कॅथेड्रल उठत होते, त्यालाच त्या शहरात सत्ता उरली नाही. तरी काम चालू राहिले, १३२२मध्ये पूर्वेकडचा भाग पूजेला खुला झाला, मग गती मंदावत गेली आणि अखेर यारी एकटी उरली. फ्रेंच राज्यक्रांतीच्या फौजा आल्या तेव्हा इथे दाणागोट्याचे कोठार झाले.

आता एकोणिसावे शतक. १८१५मध्ये ऱ्हाइनचा प्रदेश प्रशियाकडे आला. मनोऱ्यांच्या दर्शनी बाजूचा मध्ययुगीन आराखडा, चार मीटरहून उंच चर्मपत्र, दोन तुकड्यांत सापडला होता. अर्धा १८१४मध्ये डार्मश्टाटला, अर्धा १८१६मध्ये पॅरिसला. तोवर जर्मन एकतेची हवा भरू लागली होती आणि गॉथिक ही आपली राष्ट्रीय शैली आहे असे जर्मन लेखक मानत होते. तरुण गटेने १७७२मध्ये स्ट्रासबुर्गच्या कॅथेड्रलवर लिहिताना तिला जर्मन वास्तुकलाच म्हटले होते. १८४२मध्ये प्रशियाच्या राजाने, जो स्वतः प्रॉटेस्टंट होता, या कॅथलिक कॅथेड्रलच्या पुढच्या कामाची कोनशिला बसवली. पैसा सरकारी तिजोरीतून आला, नागरिकांच्या वर्गणीतून आला आणि पुढे खास काढलेल्या लॉटरीतूनही आला. छपरासाठी लाकडाच्या कैच्यांऐवजी लोखंडी सांगाडा बसला. उत्तरेला अगदी लागून रेल्वे स्टेशन उभे राहिले आणि ऱ्हाइनवरचा नवा पूल कॅथेड्रलच्या रेषेत धरला गेला. १८८०मध्ये १५७ मीटर उंचीचे मनोरे पूर्ण झाले, सम्राट विल्हेल्म समारंभाला हजर राहिला, आणि कोलोनचा आर्चबिशप परागंदा होता, कारण बिस्मार्कच्या सरकारने कॅथलिक चर्चशी मांडलेल्या भांडणात त्याला देश सोडावा लागला होता. आकार तोच, आराखडा तोच, दगडही शक्य तितका तसाच. पण १२४८ची शक्ती आणि १८८०ची शक्ती यांत काहीही साम्य नाही. इमारतीच्या आकारावरूनच शक्ती ओळखायची असेल, तर या दोहोंपैकी कोणती ओळखायची?

इथे एक वजनदार आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाणे योग्य नाही. एकोणिसाव्या शतकातले गॉथिक ही नक्कल होती, बाराव्या शतकातले अस्सल होते, तेव्हा तरी आकार आणि श्रद्धा एकजीव नव्हती का? कलेतिहासकार पानोफ्स्कीने १९५१मध्ये गॉथिक रचना आणि पंडिती तत्त्वचिंतन यांची नाळ दाखवणारा निबंध लिहिला, तो आजही वाचण्यासारखा आहे. पॅरिसजवळच्या सँ-दनी मठात ११४४मध्ये नव्या गाभाऱ्याचे लोकार्पण झाले आणि तिथल्या प्रकाशाला मठाधिपती स्यूजेने दैवी अर्थ दिला, हेही खरे. श्रद्धा ही शक्ती होती, हे मी नाकारत नाही. पण त्याच स्यूजेने आपल्या कारभाराची जी हकीकत लिहून ठेवली, तिची सुरुवात खिडक्यांनी होत नाही. मठाच्या कोणत्या गावचा वसूल किती होता, तो आपण किती वाढवला, कुठली बुडीत जमीन सोडवली, याचा हिशेब आधी येतो, इमारत त्यानंतर. त्याला स्वतःला यात काही विसंगती वाटली नाही आणि आपणही ती मानू नये. सँ-दनी हे फ्रान्सच्या राजांचे दफनस्थान होते आणि स्यूजे पुढे, राजा धर्मयुद्धावर गेला असता, राज्याचा कारभारी झाला. श्रद्धा, जमिनीचा वसूल आणि राजघराणे ही एकाच कमानीची तीन टोके होती. एकसंध श्रद्धेचे चित्र तर रँसमध्ये पार कोलमडते. जिथे फ्रान्सच्या राजांना मुकुट चढवला जाई, त्या कॅथेड्रलचे काम १२३३मध्ये तीन वर्षे बंद पडले, कारण नगरवासी आर्चबिशपविरुद्ध उठले आणि चर्चच्या अधिकाऱ्यांना गाव सोडून पळावे लागले. ज्या देवळाला आपण जनतेच्या श्रद्धेचे शिखर समजतो, ते काही वर्षे त्या जनतेच्याच रोषाने थांबले होते. आज पर्यटकांना ते दिसत नाही, कारण कमानींवर खंड उमटत नाही.

खंड, झटापट आणि हातबदल हे सगळे एकाच ठिकाणी पाहायचे तर फ्लॉरेन्सला पर्याय नाही. तिथल्या कॅथेड्रलचे काम १२९६मध्ये सुरू झाले आणि पुढे त्याची जबाबदारी लोकर विणणाऱ्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीकडे गेली. १३६७मध्ये शहराने एक प्रतिकृती मतदानाने मान्य केली. तिच्यात घुमट इतका रुंद होता की तो बांधायचा कसा हे मान्य करणाऱ्यांपैकी कुणालाच ठाऊक नव्हते, तरी बांधकामावर देखरेख करणारे पदाधिकारी तोच नमुना उतरवण्याची शपथ घेत. जवळपास पन्नास वर्षे घुमटाचा प्रश्न तसाच राहिला. नेहमीच्या रीतीने घुमट बांधायचा तर आतून लाकडाचा साचा उभारावा लागतो आणि एवढ्या मोठ्या गाळ्यासाठी तेवढे लाकूड मिळण्यासारखे नव्हते. १४१८मध्ये स्पर्धा जाहीर झाली. सोनारकामात तयार झालेल्या फिलिप्पो ब्रुनेलेस्कीने साच्याशिवाय बांधून दाखवतो असे सांगितले आणि १४२०पासून ते करूनही दाखवले. त्याने आत एक आणि बाहेर एक अशी दोन कवचे घेतली. विटांच्या आडव्या थरांत ठरावीक अंतराने उभ्या विटा अशा गुंफल्या की माशाच्या काट्यासारखी नागमोडी रांग वर चढत जाते आणि ओला चुना घट्ट होईपर्यंत प्रत्येक थर स्वतःला सावरून धरतो. माल वर न्यायला त्याने बैलांनी फिरणारी रहाटयंत्रणा केली. तिच्यात दाते बदलून बैल एकाच दिशेने चालत असतानाच ओझे वर किंवा खाली नेता येई, म्हणजे प्रत्येक फेरीला बैल जुंपून-सोडून उलटे करायचा वेळ वाचला. बांधकामाच्या इतिहासात यापेक्षा देखणी युक्ती मला माहीत नाही.

या घुमटाला पुस्तके 'मानवी प्रतिभेचा उदय' म्हणतात. पण १४३४च्या ऑगस्टमध्ये याच ब्रुनेलेस्कीला गवंडी आणि सुतारांच्या श्रेणीने वर्गणी न भरल्याबद्दल तुरुंगात टाकले. तो त्या श्रेणीचा सभासद नव्हता आणि गवंड्यांवर हुकूम चालवत होता. कॅथेड्रलच्या कार्यालयाने त्याला सोडवले आणि उलट त्या श्रेणीच्या प्रमुखालाच आत टाकायला लावले. एकटा प्रतिभावान आणि जुने कारागीर संघ यांच्यातला वाद त्या दिवशी लोकरीच्या पैशाने सुटला. त्याच वर्षी ऑक्टोबरात कोझिमो दे मेदिची हद्दपारीतून परतला आणि प्रजासत्ताकाची सूत्रे हळूहळू एका सावकारी घराण्याच्या हाती गेली. १४३६मध्ये पोपच्या हस्ते कॅथेड्रलचे पवित्रीकरण झाले तेव्हा घुमट बांधायला घेणारे शहर आणि घुमटाखाली उभे असलेले शहर एक राहिले नव्हते. पुढे घुमट मेदिचींच्या फ्लॉरेन्सची खूण म्हणून जगभर गेला. तो बांधला मात्र श्रेणींनी, मतदानाने आणि शपथेने.

मग सगळे पैशावर आणि सत्तेवर येऊन ठेपते का? असे कुणी विचारले तर माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. फ्रान्समधल्या बोव्हेच्या कॅथेड्रलपाशी पैसा आणि महत्त्वाकांक्षा दोन्ही होते. तिथे अठ्ठेचाळीस मीटर उंचीचे छत १२८४मध्ये कोसळले, नंतर उभारलेला १५३ मीटरचा मनोरा १५७३मध्ये पडला आणि चर्चचा पश्चिमेचा भाग कधी झालाच नाही. दगडाचे वजन कुणाचा हुकूम मानत नाही. उलट सिस्टर्शियन पंथाचे मठ शेती आणि लोकरीवर चांगले श्रीमंत झाले, तरी त्यांनी आपल्या देवळांतून शिल्पे आणि रंगीत काचा दूर ठेवल्या, कारण क्लेअरव्होच्या बर्नार्डने डामडौलाविरुद्ध कडक भूमिका घेतली होती. पैसा हाताशी असताना तो न खर्चणे ही श्रद्धेचीच ताकद. ज्ञान, नियम, श्रद्धा, पैसा, शस्त्र या सगळ्या शक्ती खऱ्या आहेत. माझा आक्षेप आहे तो एका इमारतीला एकच शक्ती वाटून देण्यावर.

कारण कधीकधी इमारत आपल्याच शक्तीच्या मुळावर येते. रोमच्या सेंट पीटरचे नवे बांधकाम पोप दुसऱ्या ज्यूलियसने १५०६मध्ये सुरू केले. खर्चासाठी पापमोचनाची पत्रे विकली जाऊ लागली आणि जर्मनीत त्या विक्रीतला वाटा माइन्झच्या आर्चबिशपचे फुगर सावकारांकडचे कर्ज फेडण्यात जाई. १५१७मध्ये ल्यूथरने ज्या प्रकाराला जाहीर आव्हान दिले तो हाच. अखंड कॅथलिक चर्चचे प्रतीक म्हणून आपण जी वास्तू पाहतो, तिच्या खर्चाने ते चर्च दुभंगायला हातभार लावला. १६२६मध्ये ती पवित्र झाली तेव्हा अर्धा उत्तर युरोप निघून गेला होता. त्याच शतकात तिच्याच धर्तीवर जुन्या गोव्यात सेंट कायतानचे चर्च उभे राहिले. रोमची सत्ता जिथे आकसत होती तिथे नव्हे, तर जिथे पोर्तुगीज गलबते पोहोचत होती तिथे.

ही वाट आपल्या मुंबईपर्यंतही येते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, हिंदुस्थानी कापसाचे भाव भडकले आणि मुंबईत पैशाचा पूर आला. त्या पैशातून व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी १८६४मध्ये मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी आणि मनोऱ्यासाठी देणग्या दिल्या, मनोऱ्याला आईचे, राजाबाईंचे, नाव द्यावे म्हणून. दुसऱ्याच वर्षी युद्ध संपले, भाव कोसळले आणि प्रेमचंदांसकट कितीतरी सराफ आणि व्यापारी बुडाले. दिलेला पैसा मात्र उरला. आराखडे लंडनहून जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने पाठवले, ज्याने त्याआधी हॅम्बुर्गच्या निकोलाय चर्चची स्पर्धा गॉथिक आराखड्याने जिंकली होती. मुंबईत त्याने कधी पाऊल ठेवले नाही. १८७८मध्ये कुर्ल्याच्या पिवळसर दगडात मनोरा पूर्ण झाला आणि त्यावर पश्चिम हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या समाजांच्या माणसांच्या मूर्ती बसल्या. साम्राज्याचे प्रतीक म्हणून त्याकडे बोट दाखवणे सोपे आहे आणि ते चूकही नाही. पण त्यात फ्रान्समधल्या मठाची कमान आहे, अमेरिकेतल्या गुलामांच्या शेतातला कापूस अडल्याने आलेला पैसा आहे, एका जैन कुटुंबातली आई आहे आणि इथल्या पाथरवटाची छिन्नी आहे. यांतली कुठली गोष्ट वगळली तर मनोरा उभा राहत नाही.

यंत्रयुगाबद्दल थोडक्यात. १८५१च्या लंडनच्या प्रदर्शनासाठी जोसेफ पॅक्स्टन या बागकाम जाणणाऱ्या माणसाने लोखंड आणि सुमारे तीन लाख काचांचा स्फटिकमहाल वर्षाच्या आत उभा केला. तो यंत्राचा विजय खराच, पण काचेवरचा जाचक कर १८४५मध्ये उठला नसता तर एवढी काच त्या भावात मिळालीच नसती. आयफेल मनोरा १८८९मध्ये वीस वर्षांच्या परवान्यावर उभा राहिला आणि मोडला गेला नाही तो लष्कराला बिनतारी संदेशांसाठी झालेल्या उपयोगामुळे. कारखान्याइतकाच इथे कायदा आणि लष्कर यांचाही हात आहे.

आकाराला ठरलेला अर्थ असतो हा समज विसाव्या शतकाने कायमचा मोडायला हवा होता. हिटलरच्या बर्लिनसाठी आल्बर्ट श्पेअरने खांबांच्या प्रचंड रांगा आणि घुमट आखले, म्हणून अभिजात खांब म्हणजे हुकूमशाही असे म्हणायची सवय लागली. पण त्याच काळात वॉशिंग्टनमध्ये लोकशाहीच्या एका संस्थापकासाठी, जेफरसनसाठी, घुमट आणि खांबांचे स्मारक उभे राहिले. उलट इटलीतल्या कोमो शहरात फॅसिस्ट पक्षाचे कार्यालय १९३६मध्ये जुझेप्पे तेरान्यीने बांधले, ते पांढऱ्या शुभ्र, मोकळ्या चौकटीचे, आधुनिक वास्तुकलेतल्या नितळ रचनांपैकी एक. मग फरक कुठे शोधायचा? दगडाच्या खाणीत. श्पेअरच्या इमारतींना ग्रॅनाइट पुरवायचा म्हणून नाझींच्या एसएस संघटनेने १९३८पासून फ्लोसेनब्युर्ग आणि माउटहाउसेनच्या खाणींवर छळछावण्या उभारल्या. खांबाच्या आकारात ही गोष्ट लिहिलेली नाही, आणि ती वाचली नाही तर त्या वास्तुकलेचे काहीही वाचले नाही. बर्लिनमध्ये आजही काँक्रीटचा एक गोल ठोकळा उभा आहे, १२,६५० टन वजनाचा. दलदलीची जमीन नियोजित विजयकमानीचा भार पेलेल का हे पाहण्यासाठी १९४१मध्ये तो ओतला गेला आणि त्या कामावर फ्रेंच युद्धकैद्यांना राबवले. कमान झालीच नाही. त्या राजवटीचे त्याहून नेमके स्मारक दुसरे नसेल.

आकाराला दोष देण्याची किंमत माणसांना मोजावी लागते, म्हणून अमेरिकेतल्या सेंट लुइसचे उदाहरण महत्त्वाचे. तिथे १९५०च्या दशकात प्रूइट-आयगो नावाची तेहतीस अकरामजली इमारतींची सरकारी वसाहत बांधली गेली. वीस वर्षांतच ती सुरुंगांनी उडवावी लागली आणि वास्तुसमीक्षक चार्ल्स जेंक्सने १९७७मध्ये त्या पाडकामाला आधुनिक वास्तुकलेचा मृत्युदिन ठरवले. उंच, एकसारखे, भावनाशून्य काँक्रीट माणसाला बिघडवते, हा निष्कर्ष जगभर पसरला. पण बांधकामाला केंद्राचा पैसा होता, देखभाल मात्र भाड्यातून करायची होती. शहराची लोकसंख्या १९५०मध्ये साडेआठ लाखांवर होती, ती १९७०पर्यंत सव्वासहा लाखांच्या आत आली. गोरी कुटुंबे उपनगरांत गेली, कारखाने गेले, आणि मागे राहिलेल्या गरीब कृष्णवर्णीय भाडेकरूंच्या भाड्यात लिफ्टची दुरुस्ती भागेना. १९६९मध्ये भाडेकरूंनी भाडे न भरण्याचा संप केला तो याच अवस्थेविरुद्ध. कॅथरिन ब्रिस्टल यांनी १९९१मध्ये हे सगळे सप्रमाण मांडले. इमारतीची रचना निर्दोष होती असे नाही, लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत नव्हती आणि अंधारे जिने धोक्याचे ठरले. पण वसाहत आकाराने मेली असे म्हटले की वर्णभेद आणि पैशाची तरतूद दोन्ही आरोपातून सुटतात. वास्तूला युगाचे प्रतीक मानणारी दृष्टी इथे थेट अन्यायाच्या कामी आली.

शेवटचा आक्षेप उरतो: प्रतीक इतके फसवे असेल तर त्याचा नाद सोडून का देऊ नये? कारण प्रतीक एकदा रुजले की ते स्वतःच शक्ती बनते. १९४४च्या उठावानंतर नाझींनी वॉर्सा पद्धतशीर, घरोघर उडवले ते लष्करी गरजेपोटी नव्हे. आणि युद्धानंतरच्या पोलंडने तिथली जुनी पेठ पुन्हा उभारली ती अठराव्या शतकातल्या बेल्लोत्तोच्या चित्रांचाही आधार घेऊन, व्यापाऱ्यांच्या हवेल्यांसकट, तेही साम्यवादी राजवटीत. तिथले दगड नवे आहेत हे ठाऊक असूनही लोक त्या चौकात गेले आणि तो आपला मानला. म्हणून प्रतीकाकडे पाहावेच लागते, पण ते कुणी, केव्हा आणि कुणाच्या विरोधात उचलून धरले हे विचारत.

कोलोनच्या कॅथेड्रलवर दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडले, बाजूचे शहर जमीनदोस्त झाले, मनोरे टिकले. दक्षिणेकडच्या मोठ्या खिडकीच्या काचा तेव्हाच गेल्या होत्या. तिथे विसाव्या शतकातल्या हुतात्म्यांची चित्रे यावीत असे आधी ठरत होते. चित्रकार गेरहार्ड रिश्टरने त्याऐवजी ७२ रंगांचे हजारो चौकोन मांडले, त्यांतले कितीतरी संगणकाने यदृच्छेने निवडलेले. त्यात संत नाही, राजा नाही. आर्चबिशप माइस्नर यांना ती खिडकी पसंत पडली नाही आणि त्यांनी तसे उघड बोलूनही दाखवले, पण कॅथेड्रलच्या धर्ममंडळाने ती २००७मध्ये बसवून घेतली. दुपारच्या उन्हात तिचे हिरवे, तांबडे, पिवळे तुकडे आतल्या खांबांवर सरकत जातात. त्यांतले काही खांब तेराव्या शतकातले, काही एकोणिसाव्या शतकातले. दोहोंमधला सांधा ओळखायला पाथरवटाचाच डोळा लागतो.